सापेरावी : काखेती प्रांतांतील एक तांबडें द्राक्षमद्य

द्राक्षासवाची बाटली ज्या घराच्या फडताळांत कधींच आली नाहीं, असें सुशिक्षित घर महाराष्ट्रांत विरळाच सांपडेल. बाळंतिणीला, आजारांतून उठलेल्या माणसाला, अन्नावर वासना नसलेल्या वृद्धाला वैद्यबुवांनीं सांगितलेले ते दोन चमचे आपण निःशंक मनानें देतों. आणि त्या बाटलीवर ‘स्वयंजनित मद्यार्क’ असें जें बारीक अक्षरांत छापलेलें असतें, तें वाचण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. आसव कसें करीत, हें जुन्या वैद्यांना विचारावें. द्राक्षांचा काढा, गूळ अथवा मध आणि धायटीचीं फुलें हीं तुपानें माखलेल्या मातीच्या भांड्यांत भरावयाचीं, तोंड कापडमातीनें लिंपून बंद करावयाचें, आणि तें भांडें जमिनींत किंवा धान्याच्या राशींत पुरून महिनाभर विसरून जावयाचें. ही कृति येथें मुद्दाम सांगितली. ज्या मद्याविषयीं आम्ही आज लिहिणार आहों तें येथून दोन हजारांहून अधिक मैलांवर, काकेशस पर्वताच्या पायथ्याशीं, जवळजवळ याच रीतीनें मातीचें भांडें जमिनींत पुरून करतात.

जॉर्जिया हें त्या देशाचें नांव. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच नांवाचें एक संस्थान आहे, तें हें नव्हे. पश्चिमेस काळा समुद्र, उत्तरेस काकेशसची हिमाच्छादित रांग आणि तिच्यापलीकडे रशिया, दक्षिणेस तुर्कस्तान व आर्मेनिया, अशा चिमट्यांत सांपडलेला हा लहानसा देश, राजधानी तिबिलिसी. भाषा आपल्या आर्यभाषांशीं कांहींच नातें न सांगणारी, आणि लिपि तिची स्वतःचीच, वेलीच्या प्रतानांसारखीं वळणें घेत जाणारी. २०१७ सालीं पॅट्रिक मॅक्गव्हर्न व त्यांचे सहकारी यांनीं एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिबिलिसीच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरवर गदाच्रिली गोरा व शुलावेरी गोरा अशीं दोन टेंकाडें आहेत. तेथील उत्खननांत निघालेल्या खापरांत टार्टारिक आम्लाचे अंश मिळाले. त्या प्रदेशांत हें आम्ल म्हणजे द्राक्षाची खूणच. खापरांचा काळ ख्रिस्तपूर्व ६००० ते ५८०० असा ठरला. तोंपर्यंत इराणांतील हाजी फिरूझ टेपे येथील खापरें द्राक्षमद्याचा सर्वांत जुना पुरावा म्हणून मानलीं जात. त्यांचा तो मान गेला.

पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. पाणिनीनें कापिशी या नगरीच्या नांवावरून ‘कापिशायन’ हा शब्द साधण्याकरितां एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलें आहे, आणि वैयाकरणांनीं त्याचीं उदाहरणें दिलीं तीं द्राक्षांचीं व द्राक्षमद्याचीं. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचें आजचें बेग्राम. कौटिल्यानेंही सुराध्यक्षाचें प्रकरण लिहितांना, द्राक्षरसाच्या मद्याला त्याच्या देशावरून नांव पडतें असें सांगून ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हीं दोन नांवें नोंदलीं आहेत. मद्याची ओळख गांवाच्या नांवानें करून देण्याची जी पद्धति आज फ्रेंच लोकांची म्हणून मिरविली जाते, ती आपल्या ग्रंथकारांना चांगलीच ठाऊक होती. हें सर्व आम्ही फळ्यावर लिहीत असूं आणि मुलें उतरून घेत असत. परंतु कापिशायन लागतें कसें, हें ना आम्हांला ठाऊक, ना मुलांना. एकदां मागच्या बांकावरच्या एका मुलानें नेमकें तेंच विचारलें. त्याला आम्हीं ‘पा’ धातूचीं रूपें दहा वेळां लिहावयास लावलीं.

दुसऱ्या बाजूस मनूनें गौडी, पैष्टी व माध्वी या तिन्ही सुरा द्विजांस वर्ज्य ठरविल्या आहेत, आणि कचाच्या आख्यानांत शुक्राचार्यांनीं सुरापान करणाऱ्या ब्राह्मणास दिलेला शाप तर घराघरांत माहीत आहे. आमच्या घरीं तीन पिढ्यांत कोणी या वस्तूला स्पर्श केला नव्हता. त्याचें कोणी व्रत घेतलें होतें असें नव्हे; प्रश्नच कधीं उद्भवला नव्हता. तो उद्भवला आमच्या वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, आणि तोही कृतज्ञतेच्या पोटीं.

आमच्या कै. थोरल्या बंधूंची नात २०१८ सालीं वैद्यकाच्या अभ्यासासाठीं तिबिलिसीस गेली. आपल्याकडील पुष्कळ मुलेंमुली हल्लीं त्या अभ्यासासाठीं तेथें जातात. एका प्रौढ जोडप्याच्या घरीं माडीवरच्या खोलींत ती भाड्यानें राहूं लागली. २०२० च्या वसंतांत महामारीनें देशोदेशींच्या सीमा मिटल्या, विमानें थांबलीं, आणि मुलगी तिकडे अडकून पडली. त्यांतच तिला ताप भरला. इकडे वहिनींनीं देव पाण्यांत ठेवले. तिकडे त्या घरच्या बाईनें, जिला आपल्या भाषेचें अक्षर कळत नव्हतें आणि आपल्या मुलीचें शाकाहाराचें सोंवळें समजण्याचें कांहीं कारण नव्हतें, तीन आठवडे घेवड्याचें कढण व भात दारापाशीं ठेवला. रात्रीं उठून दोनदोनदां दारावर टिचकी मारून ती ओ देते कीं नाहीं हें पाहिलें. आणि त्या महिन्यांचें भाडें घेतलें नाहीं. पुढें २०२४ सालीं नात डॉक्टर झाली. तिला परत आणावयास पुतण्या, वहिनी आणि आम्ही असे तिघे आश्विनांत गेलों, तें मुख्यतः त्या घराला नमस्कार करण्यासाठींच.

या मंडळींचें मूळ घर काखेती प्रांतांत, तेलावी शहराजवळच्या एका खेड्यांत आहे. देशांतील बहुतेक द्राक्षमळे याच प्रांतांत. तिबिलिसीहून गोंबोरीचा घाट ओलांडला कीं खालीं अलाझानी नदीचें रुंद खोरें दिसूं लागतें, आणि खोऱ्यापलीकडे बर्फाच्या शिखरांची भिंत. तोडणीचे दिवस होते. या हंगामाला तिकडे ‘र्त्वेली’ म्हणतात. तिबिलिसींतले कारकून, शिक्षक, मोटार हांकणारे, सगळे त्या पंधरवड्यांत आपापल्या गांवीं द्राक्षें तोडावयास जातात. आमच्या ओळखीच्या नाशिककडील बागाइतदारांना वर्षांतून दोनदां छाटणी करावी लागते, एप्रिलांत खरड छाटणी आणि पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी. कारण आपल्या हवेंत वेल झोंपतच नाहीं, तिला कात्रीनें झोंपवावें व जागवावें लागतें. काखेतींत हें काम हिंवाळ्यांतलें बर्फ फुकट करतें.

मळ्यांत यजमानांनीं आमच्या तळहातावर एक काळा मणी ठेवून तो चिरडावयास सांगितला. काळ्या द्राक्षांचा रंग सालींत असतो, आंतला गर बहुधा पांढुरकाच निघतो. हा मणी आंतूनही तांबडा निघाला, आणि तळहाताला लागलेला डाग दुसऱ्या दिवशीं संध्येच्या वेळींही पुरता गेला नव्हता. हीच सापेरावी, या शब्दाचा अर्थच मुळीं ‘रंग देणारी’ असा आहे. त्या देशांत पांचशेंहून अधिक देशी जाती सांगतात, पण तांबड्या मद्यासाठीं पहिला मान हिचा. ती उशिरां पिकते, आणि पिकली तरी अंगची आंबटाई सोडीत नाहीं. हा शेवटचा गुण ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

घराला लागून एक गार, अंधारी खोली असते, तिला ‘मरानी’ म्हणतात. आंत गेलें तर पाहण्यासारखें कांहींच नाहीं. जमिनींत वाटोळीं भोंकें आणि त्यांवर दगडी झांकणें. त्या भोंकांखालीं मात्र माणूस उभा राहील एवढाले रांजण पुरलेले असतात. त्यांना ‘क्वेव्री’ म्हणतात. आकार अंड्यासारखा, तळ निमुळता. आंतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला. कुंभार हा रांजण चाकावर करीत नाहीं. मातीच्या वळ्या एकावर एक चढवीत, खालची वळी सुकूं देत देत, दोनतीन महिन्यांत तो पुरा करतो, कारण घाई केली तर ओल्या मातीची भिंत स्वतःच्या भारानें बसते. मग भट्टींत आठवडाभर भाजणें. असे कुंभार आतां फार थोडे उरले आहेत. युनेस्कोनें २०१३ सालीं ही पद्धति मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत घातली.

द्राक्षें कोरलेल्या ओंडक्याच्या डोणींत पायांनीं तुडवून रस सालींसकट रांजणांत ओततात. बाहेरून खमीर म्हणून कांहीं घालीत नाहींत. सालीवर व मरानीच्या हवेंत जें असतें त्यावरच काम होतें. आपण विरजण लावतों तेवढेंही नाहीं! दोन दिवसांत रस खदखदूं लागतो, साली वर येतात, आणि त्या दिवसांतून चारपांच वेळां लांब दांड्यानें खालीं ढकलाव्या लागतात. तांबड्याच्या साली कांहीं आठवड्यांनीं काढून टाकतात. पांढऱ्या द्राक्षांच्या मात्र पांचसहा महिने तशाच ठेवतात, त्यामुळें तें मद्य मधासारखें पिंवळें होतें. पुढें झांकण ठेवून मातीनें लिंपतात, तें वसंतांत उघडावयाचें. भोंवतालच्या मातीमुळें आंतला थंडावा बारमहा एकसारखा राहतो. रांजण धुणें हें मात्र असें कष्टाचें काम आहे कीं, यजमानीणबाईंच्या मते सारें मद्य एकीकडे आणि तें धुणें एकीकडे. चेरीच्या सालीच्या कुंच्यानें आंत उतरून घांसावें लागतें. पुरुष गप्पा मारतात मद्याच्या, रांजणाच्या नव्हे, असेंही त्या म्हणाल्या. वहिनींनीं हें वाक्य नातीकडून दोनदां समजावून घेतलें.

संध्याकाळीं जेवणाचें मोठें ताट मांडलें. या मेजवानीला ‘सुप्रा’ म्हणतात, आणि तिचा एक सूत्रधार असतो, तो ‘तमादा’. तो बोलल्याशिवाय कोणी पेला उचलीत नाहीं. देव, देश, मेलेलीं माणसें, जन्मलेलीं मुलें अशा क्रमानें तो एकेकाचें स्मरण करतो. आमच्यासाठीं मुद्दाम शाकान्नाची पंगत होती, आणि त्यांना ती जड गेली नाहीं. त्यांच्या चर्चचे उपास पुष्कळ, म्हणून मांसाविना स्वयंपाक त्यांच्या बायकांच्या हातचाच आहे. मडक्यांत शिजविलेला घेवडा, अक्रोडाचें वाटण भरून गुंडाळलेल्या वांग्याच्या कापा, चीज भरलेली रोटी, आणि अक्रोड दोऱ्यांत ओंवून आटीव द्राक्षरसांत बुडवून वाळविलेल्या माळा. या माळांना ‘चुर्चखेला’ म्हणतात. रस पिठाबरोबर आटवावयाचा, माळ बुडवून टांगावयाची, वाळली कीं पुन्हां बुडवावयाची. मेणबत्ती करण्याचीच ही तऱ्हा.

वहिनींचें माहेर गोव्यांतलें, फोंड्याकडचें. नातीनें ही गोष्ट बोलतां बोलतां सांगितली मात्र, यजमान खुर्चीवरून उठून उभे राहिले. आम्हांला वाटलें कांहीं चुकलें. मग उलगडा झाला. काखेतीची राणी केतेवान हिनें धर्म सोडावयाचें नाकारलें, म्हणून इराणच्या शाह अब्बासाच्या हुकुमानें १६२४ सालीं शिराझ येथें तिला हालहाल करून मारण्यांत आलें. ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनीं तिच्या अस्थि मिळवून त्यांतील कांहीं गोव्यास आणिल्या. जुन्या गोव्यांतील सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठांत पुरातत्त्वखात्याच्या उत्खननांत एक अस्थि निघाली, हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रानें तिची आनुवंशिक परीक्षा केली, आणि जुलै २०२१ मध्यें आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनीं त्या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीस नेऊन जॉर्जियाच्या स्वाधीन केला. यजमान म्हणाले, आणि नातीनें भाषांतर करून सांगितलें, “तुमच्या गांवानें आमच्या राणीला चारशें वर्षें सांभाळलें. आम्हीं तुमच्या मुलीला चार दिवस सांभाळलें, त्याचे कसले आभार मानतां?”

पेले भरले गेले. पुतण्यानें उचलला, त्याला परदेशच्या नोकरींत ही संवय झालेली आहे. आमचा पेला तसाच. वहिनींपुढें ताज्या रसाचा प्याला होता. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, ज्या घरानें दारांत ताट ठेवून माझी नात जगविली, त्या घरचें पात्र तसेंच परत जाऊं देऊं नका. तुमच्या मनाला पटत नसेल तर मात्र माझा आग्रह नाहीं हो.” वहिनींनीं चाळीस वर्षांत आम्हांला असें कांहीं सांगितलें नव्हतें. आम्हीं पेला उचलला.

पहिलें रांजणांतलें. यजमानांनीं तें लांब दांड्याला बसविलेल्या वाळक्या भोपळ्याच्या पळीनें काढलें. आपल्याकडे त्याचा कमंडलू झाला असता. रंग पिकल्या जांभळाचा; मातीच्या वाडग्यांत तर काळाच. वास घेतला तो करवंदांचा, आणि त्यामागून पहिल्या पावसांत अंगणांतून येतो तसा कांहींसा. जिभेवर पडतांक्षणींच अम्लरस लागला, चांगला खणखणीत; मग क्षणभर काळ्या मनुकांची गोडी आल्यासारखी वाटली, पण ती गोडी नव्हती, गोडीची आठवण होती, कारण साखर सगळी रांजणांतच संपलेली. आणि शेवटीं कषाय. हा तुरटपणा कच्च्या सुपारीचा, हिरड्याचा. जीभ, हिरड्या, गालाची आंतली बाजू, सर्वत्र कोणी कोरडें वस्त्र फिरविल्यासारखें वाटतें. साली व बिया यांतलें टॅनिन लाळेंतील प्रथिनांना धरून ठेवतें, आणि लाळेचा गुळगुळीतपणा गेला कीं आपल्याला तुरट लागतें. म्हणूनच त्याबरोबर चीज व अक्रोड. चीजचा तुकडा खाऊन पुन्हां घोट घेतला, तर तोच कषाय निम्म्यानें उतरला, आणि करवंद पुढें आलें. जेवणांतल्या तुपातेलाला आंबटानें उठाव द्यावा ही युक्ति आपल्याकडे आमसुलाची; सापेरावीची न सुटणारी आंबटाई तेंच काम करते. मघांशीं ध्यानांत ठेवावयास सांगितलें तें हें.

दुसरी बाटली जांवयांनीं तेलावीच्या दुकानांतून आणिली होती. तिच्यावर ‘मुकुझानी’ हें गांवाचें नांव. हेंही निव्वळ सापेरावीचेंच, पण ओकच्या पिंपांत मुरविलेलें. किंमत पंचवीस लारी, म्हणजे त्या वेळचे आपले पावणेआठशें रुपये. येथें तीच द्राक्षें शहरांत शिकून आलेल्या मुलासारखीं वागतात. वासांत जांभळाबरोबर दालचिनी व जुन्या लांकडी पेटीचा गंध, कषाय बारीक दळलेला, आणि घोट गिळल्यावर मिनिटभर तरी चव रेंगाळत होती. तिसरें ‘किंदझ्मराउली’, बायकांसाठीं म्हणून आणलेलें. रस आंबत असतां मध्येंच गार करून थांबवितात, त्यामुळें साखर शिल्लक राहते. त्या देशाबाहेर याच मद्याला मागणी फार. आम्हांला तें सरबतासारखें लागलें. ज्यांना हवें त्यांनीं खुशाल घ्यावें, पण सापेरावीचा जो स्वभाव तोच यांत झांकून टाकला आहे. यजमानीणबाईंनींही त्याला हात लावला नाहीं. तीन मिळून आमच्या पोटांत अर्धी वाटी गेली असेल.

आमचें मत विचाराल तर रांजणांतलें अधिक खरें आणि मुकुझानीचें अधिक रेखीव. परक्यानें विकत घ्यावयाचें तर मुकुझानी. पुतण्याचें म्हणणें असें कीं, इतक्या तोलाची फ्रेंच बाटली तिप्पट-चौपट दामाखेरीज मिळत नाहीं. आम्हीं फ्रेंच बाटली पाहिलेलीही नाहीं, तेव्हां तें म्हणणें त्याच्याच पदरीं बांधतों.

मग हें इतकें स्वस्त कां? एक कारण उघड आहे, नांवाला पैसे पडत नाहींत. दुसरें कारण कष्टाचें आहे. १९२१ सालीं हा देश सोव्हिएट सत्तेखालीं गेला. पुढें द्राक्षें सरकारी कारखान्यांत जाऊं लागलीं, आणि तेथें गुणापेक्षां मापाला मान. १९८५ सालीं गोर्बाचेव्ह यांनीं दारूबंदीची मोहीम काढली, तिच्यांत पुष्कळ द्राक्षमळे मुळासकट उपटले गेले. १९९१ मध्यें देश स्वतंत्र झाला, तरी गिऱ्हाईक एकच राहिलें, रशिया. आणि २००६ सालीं त्यानें अशुद्धतेचें कारण पुढें करून जॉर्जियाचें मद्य घेणें एकाएकीं बंद केलें. कारण राजकारणाचें होतें, असेंच तिकडे सर्व समजतात. आमच्या यजमानांनीं त्या वर्षीं आपलीं द्राक्षें कोणी घेईना म्हणून अर्धीं वेलीवरच सोडलीं, आणि मोटार चालविण्यासाठीं ते तिबिलिसीस गेले. माडीवरची खोली भाड्यानें देण्याची वेळ आली ती तेव्हांपासून. बंदी २०१३ सालीं उठली. मधल्या सात वर्षांत इतर देशांतील चोखंदळ गिऱ्हाइकांसाठीं ज्यांनीं आपला माल सुधारला ते तगले. आज पुन्हां सर्वांत मोठें गिऱ्हाईक रशियाच आहे, आणि यजमानांना त्याचीच भीति वाटते. “एका दारावर घर चालत नाहीं,” असें ते म्हणाले. त्यांचीं बहुतेक द्राक्षें कारखान्यांत जातात. रांजणांतलें घरचें, तें विकावयाचें नाहीं.

आरोग्याची गोष्ट आमच्या डॉक्टरीण नातीवर सोंपवितों. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे कीं, मद्याचें निर्धोक असें कोणतेंही प्रमाण नाहीं; तेव्हां हृदयाला हितकर वगैरे म्हणून कोणी बाटली पुढें करील तर तें ऐकूं नये, असें तिचें म्हणणें. तरीही ज्यांचीं मुलें त्या देशांत शिकतात आणि ज्यांच्यापुढें आमच्यासारखा प्रसंग येईल, त्यांनीं एवढें जाणून असावें : मुकुझानीच्या तांबड्यांत साखर नसते, किंदझ्मराउली व अखाशेनी हीं गोडसर, नापारेउली तांबडेंही असतें व पांढरेंही, म्हणून तेथें ‘सापेरावी’ हा शब्द शोधावा. फार गार करून पिऊं नये, तुरटपणा वाढतो. आपल्याकडे येतांना माणशीं दोन लिटरपर्यंत जकात पडत नाहीं. महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या कायद्याप्रमाणें परवाना लागतो. आणि तमादा बोलत असतां पेल्याला हात लावूं नये.

आमच्या सामानांत बाटली नव्हती. वहिनींच्या पेटींत चुर्चखेलाच्या बारा माळा आणि यजमानीणबाईंनीं दिलेला मातीचा एक वाडगा आला. माळा दिवाळीपर्यंत टिकल्या. वाडग्यांत वहिनी हल्लीं मनुका भिजत घालतात.